हौसेच्या डोंग्याच्या बॅटऱ्या: गोसेच्या पाण्यावरच्या नोंदी

२१ सप्टेंबर २०२५

बोट सोळा फुटी, फायबरची. मागे ४० हॉर्सपॉवरचं जुनं टू-स्ट्रोक इंजिन, समोर ३० पौंड जोराची छोटी इलेक्ट्रिक मोटर. गळ टाकून बसलं की ती मोटर आवाज न करता बोट हळूहळू सरकवते. तिघांत घेतली आहे: मी, चुलतभाऊ आणि साडभाऊ. धंदा नाही, निव्वळ हौस. गावात तिला कोणी बोट म्हणत नाही, सगळ्यांसाठी तो डोंगाच.

पावसाळ्यात वैनगंगेवरच्या गोसे धरणाचे ३३ दरवाजे कधी किती उघडतील याचा नेम नसतो, म्हणून जूनमध्ये बोट ओढून कोठ्याशेजारी ताडपत्रीखाली ठेवली होती. आज ताडपत्री काढली. दोन्ही बॅटऱ्या आतच, तारा लावलेल्याच. साडेतीन महिने. पाणी उपसायच्या पंपाचा फ्लोट स्विच थोडा थोडा करंट घेत राहिला असणार. सेल्फच्या बॅटरीवर ११.३ व्होल्ट, मोटरच्या बॅटरीवर ९.८. मी आयटीआयचा इलेक्ट्रिशियन, पवनीत काही वर्षं मोटारी भरून देत होतो. लोकांना सांगतो ते स्वतः केलं नाही.

दोन्ही रात्रभर चार्जिंगला लावल्या.

२२ सप्टेंबर

घरात घट बसले आणि मी अंगणात हायड्रोमीटर, म्हणजे अॅसिडची घनता मोजायची नळी, घेऊन. (नवीन घेतला, १८० रुपये. जुन्याची रबरी नळी उंदरांनी खाल्ली.)

आपल्याकडच्या उष्ण हवेसाठी साधारण १.२४० चं अॅसिड भरतात, पूर्ण चार्ज झालेल्या सेलमध्ये तेवढं दिसायला पाहिजे. सेल्फच्या बॅटरीत पाच सेल १.१९० ते १.२०० आणि सहावा १.११०. चार्जर काढून चार तासांनी व्होल्ट १०.६. एक सेल साधारण २.१ व्होल्टचा असतो, म्हणजे सरळ एक सेल मेला. मोटरच्या बॅटरीत सगळेच सेल १.१३० च्या खाली, प्लेटांवर पांढरं. रिकामी बॅटरी उन्हापावसात महिनोन् महिने पडली की असंच होतं. ती परत येत नाही. त्यावर औषधं विकणारे भेटतात, आपण त्यांना नमस्कार करावा.

आजपासून शिशाच्या बॅटरीवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. काल दुकानात फोन केला तर तोच म्हणाला, "उद्याच या जी, आज कायले घेता?" असे दुकानदारही असतात.

गेलो आणि ४५ अँपिअर-तासांची सीलबंद, पाणी न घालायची कारची बॅटरी घेऊन आलो. ४,९०० रुपये. डोक्यात एवढंच होतं की बोटीत अॅसिड सांडायला नको. इंजिन तिला काय देणार आहे हा विचार केलाच नाही.

२ ऑक्टोबर

दसरा. इंजिनला हळद-कुंकू, आपट्याची पानं, नारळ. किल्ली फिरवली तर सेल्फ 'टक' करून थांबला. नवीन बॅटरी, १२.७ व्होल्ट! पुन्हा फिरवली, पुन्हा टक. चुलतभाऊ म्हणाला, नवी बॅटरीच खराब दिली. मीही क्षणभर तेच म्हणालो. शेवटी दोरी ओढून इंजिन चालू केलं आणि पूजा पार पडली.

३ ऑक्टोबर

आज डोकं थंड ठेवून मीटर धरला. चुलतभावाने किल्ली धरून ठेवली, मी मोजलं. सेल्फ फिरताना बॅटरीच्या बोल्टवर ११.१ व्होल्ट आणि सेल्फच्या मोटरवर ८.६. म्हणजे अडीच व्होल्ट मधल्यामध्ये तारांत जात होते. अर्धा व्होल्ट गेला तरी मी कुरकुरतो. मीटरचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला आणि दुसरं इंजिनच्या अंगाला लावलं तर एकट्या काळ्या केबलवर १.९.

केबल वरून धडधाकट दिसत होती. लगपासून (केबलच्या टोकाच्या कडीपासून) चार बोटं सोलली तर आतलं तांबं हिरवं आणि भुकटीसारखं. दोन वर्षं तरी ही केबल सेल्फचा करंट खात असणार आणि आम्ही बॅटरीला शिव्या देत होतो.

हे काम बॅटरी घ्यायच्या आधी करायला पाहिजे होतं. जुनी बॅटरी मेलेली होतीच, त्यात वाद नाही, पण ही केबल राहिली असती तर कोणतीही बॅटरी बोटीला पुरली नसती.

५ ऑक्टोबर

वेल्डिंगची २५ चौरस मिलिमीटरची तांब्याची केबल दोन्ही बाजूंना टाकली. लग हातोड्याने न ठोकता पवनीतल्या एका ओळखीच्या वर्कशॉपमधून दाबून आणले, वर गरम करून बसवायची नळी आणि तिच्या आत ग्रीस. पाखरी नट काढून टाकले. ते हाताने घट्ट होतात तसे लाटांच्या धक्क्याने ढिलेही होतात. त्यांच्या जागी आत नायलॉन असलेले नट. एकूण १,४५०.

सेल्फ असा फिरला की साडभाऊ दचकला.

१२ ऑक्टोबर

तिसरी फेरी, आंभोऱ्याच्या दिशेने. आकाश निरभ्र, पाणी भरपूर. संगमाकडे जाताना सुमारे दोन तास इंजिन एकसारखं जोरात चालवलं. परतताना मागच्या झाकणाखालून सडक्या अंड्यासारखा वास यायला लागला. साडभावाला वाटलं मासोळी सडली. झाकण उघडलं तर सीलबंद बॅटरी हात लावू देईना, दोन्ही बाजू फुगलेल्या.

इंजिन बंद केलं. बॅटरीच्या शेजारीच पेट्रोलची टाकी, त्यामुळे अर्धा तास झाकण उघडं ठेवून वल्हं मारत आलो. त्या वेळी कोणी बिडी पेटवली नाही हे बरं.

काठावर आल्यावर मीटर लावून इंजिन चालू केलं. हळू चालताना १३.१ व्होल्ट. वेग वाढवला तसे १४.८, १५.६, मग १६.१. या जुन्या इंजिनात चार्जिंगची कॉइल आहे, एसीचं डीसी करणारा रेक्टिफायर आहे, पण व्होल्ट आवरणारा रेग्युलेटर नाही. इंजिन जितकं जोरात तितका व्होल्ट वर, थांबवणारं कोणी नाही. उघड्या पाण्याची बॅटरी असती तर तिने बुडबुडे काढले असते, पाणी कमी केलं असतं, आपण ते परत भरलं असतं. सीलबंद बॅटरीत गेलेलं पाणी परत घालता येत नाही. तिला १४.४ च्या आसपास थांबणारी चार्जिंग लागते.

जुनं इंजिन असलेल्यांनी बॅटरीचं पत्रक वाचण्याआधी हे एक मोजमाप करावं. दोन मिनिटं लागतात, मला ४,९०० रुपये लागले.

१४ ऑक्टोबर

दुकानात गेलो. फुगलेल्या बॅटरीला वॉरंटी नाही, ते कार्डावर छापलेलंच आहे. दुकानदाराचं चुकलं असं म्हणता येत नाही. मी गाडीची बॅटरी मागितली, त्याने गाडीची दिली. भंगारात ७०० मिळाले.

इंजिनसाठी रेग्युलेटर मिळतो का विचारलं. सुटा भाग मागवावा लागेल, साडेसहा हजार, कधी येईल ते सांगता येत नाही. तूर्त नाही.

१५ ऑक्टोबर ते ८ नोव्हेंबर

काहीही नाही. धान कापणी, मध्ये दिवाळी. आभाळ आलं की बांधीतल्या कडपा आठवतात, डोंगा आठवत नाही.

९ नोव्हेंबर

सेल्फची बॅटरी ठरवायला बसलो. पत्रकांवर मोठ्या अक्षरात थंडीतल्या अँपिअरचा आकडा असतो. ती चाचणी उणे १८ अंशांवर घेतात. आमच्याकडे पौषात पहाटे शेकोटी पेटते, पण उणे १८ काही होत नाही. त्या आकड्यासाठी जास्त पैसे द्यायचं कारण नाही.

आमच्या सेल्फला किती लागतं ते डीसी क्लॅम्प मीटर मागून आणून पाहिलं: झटका १४० अँपिअरच्या आसपास, तीनेक सेकंद. हिशेब केला तर एका वेळी जेमतेम ०.१२ अँपिअर-तास खर्च. इंजिनची सहा अँपिअरची कॉइल तेवढं दीड-दोन मिनिटांत परत भरते. म्हणजे या बॅटरीत साठा फार नको. झटक्याला दम पाहिजे, धक्के सोसायला पाहिजेत आणि पाणी घालायला झाकणं उघडायला पाहिजेत.

असा माल तालुक्यात कुठे मिळतो? ट्रॅक्टरच्या बॅटरीत. ७५ अँपिअर-तासांची घेतली, ६,४०० ला. जुन्या दोन मेलेल्या परत दिल्या त्याचे १,९०० वजा. चुलतभावाच्या ट्रॅक्टरलाही हीच बसते, म्हणजे अडल्यावर त्याची काढून आणता येते. (त्याला हे अजून सांगितलेलं नाही.)

पेटी प्लास्टिकची, झाकणाला वर भोकं, खाली पट्टा. चार्ज होताना निघणारा हायड्रोजन वर जातो, त्याला वाट पाहिजे. पेटी आणि पट्टा मिळून ९०० रुपये. पेटीत पहिल्या दिवशीच थोडं अॅसिड सांडलं, खाण्याचा सोडा टाकून फेस थांबेपर्यंत धुतलं. पँटला तीन भोकं पडली ती दुसऱ्या दिवशी कळली.

११ नोव्हेंबर

पाण्यावर चाचणी. उघड्या बॅटरीवर जोरात १५.३ व्होल्ट. अजून जास्तच. ६० वॅटचा हेडलाइटचा बल्ब जोडून दिवसाच पेटवला: १४.४. कॉइल सहा अँपिअर देते, बल्ब पाच खातो, उरलं ते बॅटरीला. लांब फेरी असली की आता दिवा लावून जायचं ठरवलं. काठावर जाळं विणत बसलेले ढिवर मामा म्हणाले, "बाबू, दिवसा दिवा लावून कोनाले शोधून राह्यला?"

रेग्युलेटर येईपर्यंत हाच रेग्युलेटर. दर पंधरा दिवसांनी पाणी पाहायचं, प्लेटांच्या वर बोटभर. भरायचं ते बाटलीतलं डिस्टिल्ड वॉटर, बोअरचं नाही.

१६ नोव्हेंबर

आता समोरच्या मोटरची बॅटरी. तीन तास नेहमीसारखा गळ टाकला आणि मीटर लावून ठेवला. मोटर पूर्ण वेगात ३० अँपिअर घेते, पण तेवढी आम्ही कधीच चालवत नाही. साधारण १२ ते १४. तीन तासांत ४० अँपिअर-तास. पाण्याची खोली दाखवणारं यंत्र, पंप आणि संध्याकाळचा दिवा धरून आणखी पाच. म्हणजे ४५.

२३ नोव्हेंबर

तीन पर्याय समोर आले.

घरच्या इन्व्हर्टरची असते तशी ट्यूब्युलर, १५० ची. साडभावाचा आग्रह हाच, त्याच्या घरी एक आहे. उंच, पन्नास किलोच्या पुढे. बोटीच्या नाकात ठेवली तर नाक पाण्यात. शिवाय ही बॅटरी कोपऱ्यात शांत बसायला बनवलेली, लाटांवर आपटायला नाही. बाद.

ई-रिक्षाची, १०० ची. ही खरंच चांगली. जाड प्लेटा, रोज रिकामी होऊन रोज भरायची सवय. ९,००० च्या आसपास. शिशाची बॅटरी अर्ध्याखाली उतरवायची नाही हा नियम धरला तर १०० मधले ५० आपले, ४५ भागतात. वजन २८ किलो.

लिथियम आयर्न फॉस्फेटची, ६० ची. ८० टक्के वापरली तर ४८. वजन साडेसात किलो. १८,५०० आणि वेगळा चार्जर.

पैशाने पाहिलं तर ई-रिक्षाचीच घ्यायला पाहिजे होती, आणि तुमच्या घाटावर विजेचा खांब असेल तर तीच घ्या. आमच्या घाटावर खांब नाही. उन्हाळ्यात पाणी उतरत जातं तसा काठ गावापासून लांब सरकतो, एप्रिलमध्ये बोटीपासून रस्त्यापर्यंत अर्धा किलोमीटर चिखल आणि भेगा. आमची खालची चार एकर याच पाण्याखाली गेली, उन्हाळ्यात तिचे धुरे (बांध) वर येतात. त्या धुऱ्यांवरून २८ किलो खांद्यावर घेऊन कोण जाणार? मागच्या वर्षी कोणी गेलं नाही, म्हणूनच जुनी बॅटरी अर्धपोटी राहून मेली. साडेसात किलोची पिशवीत टाकून सायकलवर नेता येते.

लिथियम. ही मोटरलाच, इंजिनला अजिबात जोडायची नाही. या १५-१६ व्होल्टवर तिच्या आतलं संरक्षक सर्किट जोडणी तोडून टाकेल, आणि चालत्या इंजिनवरून बॅटरी अचानक तुटली की रेक्टिफायर जळू शकतो. बोटीत आधी दोन्ही बॅटऱ्या जोडणारा '१-२-दोन्ही' वाला स्विच होता. तो काढून टाकला. कोणीतरी एक दिवस तो 'दोन्ही'वर फिरवलाच असता, बहुतेक मीच.

२९ नोव्हेंबर

नागपूरच्या एका दुकानातून लिथियम आणली. एसटीचं जाणं-येणं, दिवस गेला.

३० नोव्हेंबर

बोटीत बसवण्याआधी तपासली. ट्रॅक्टरच्या हेडलाइटचे ६० वॅटचे तीन बल्ब समांतर जोडले, मिळून १५ अँपिअर. पूर्ण चार्ज करून घड्याळ लावलं. ६० ची असेल तर चार तास जळायला पाहिजेत. दोन तास पन्नास मिनिटांनी अंधार.

दोन तास पन्नास मिनिटं गुणिले १५, म्हणजे ४२. खोक्यावर ६०, आत ४२.

पुन्हा चार्ज करून पुन्हा केलं, दोन तास बावन्न. दोन्ही वेळा बल्ब, मीटर आणि भिंतीवरचं घड्याळ एका चौकटीत येईल असा व्हिडिओ काढला. हा व्हिडिओ नसता तर पुढचं भांडण लांबलं असतं.

६ डिसेंबर

परत नागपूर. दुकानदाराने आधी चार्जरला दोष दिला, मग थंडीला. व्हिडिओ दाखवल्यावर बदलून द्यायला तयार झाला. या वेळी मी आतल्या संरक्षक सर्किटची क्षमताही विचारली. पहिल्या बॅटरीत ३० अँपिअरचं सर्किट होतं, हे मला तेव्हाच विचारायला पाहिजे होतं: आमची मोटरच ३० घेते. दुसरी ६० अँपिअर सर्किटची मागितली. आठ दिवसांनी या म्हणाला. दोन्ही खेपांचा एसटीचा आणि नंतर आणायला चुलतभाऊ गेला त्याचा खर्च मिळून ६२०.

१४ डिसेंबर

दुसरी बॅटरी: तीन तास अठ्ठावन्न मिनिटं. चालेल.

चार्जर लिथियमचाच घेतला, १४.६ व्होल्ट, १० अँपिअर, २,६०० रुपये. घरी कारच्या बॅटरीचा जुना चार्जर पडून आहे, पण त्यात प्लेटा साफ करायचा म्हणून जोरात व्होल्ट देणारा एक प्रकार आहे. लिथियमला तो चालत नाही, म्हणून चार्जरवर खडूने फुली मारून ठेवली.

बॅटरीपासून वीतभर अंतरावर ५० अँपिअरचा डीसी ब्रेकर, ७५० रुपये. घरात लावतात तो एसीचा एमसीबी इथे लावू नका. डीसीची ठिणगी विझायला जास्त त्रास देते.

२८ डिसेंबर

आमच्या बाजूला जलपर्णीचे ताटवे वाहत येतात. आज समोरच्या मोटरच्या पात्याला तिच्या मुळ्या गुंडाळल्या गेल्या. साडभाऊ थांबायच्या ऐवजी वेग वाढवत गेला. मीटर ३० वरून ४४ वर गेला आणि ब्रेकर पडायच्या आधीच मी हात मारून मोटर बंद केली. ३० चं सर्किट असतं तर बॅटरी गप्प बसली असती आणि आम्ही तिथेच, ताटव्याच्या मधोमध. विळा आता बोटीतच ठेवतो.

साडभावाने जोडताना लाल-काळी तार उलटी लावली होती तेही याच दिवशी. खोली दाखवणाऱ्या यंत्राचा फ्यूज गेला, यंत्र वाचलं. आता दोन्ही टोकांना वेगवेगळ्या आकाराचे प्लग लावले आहेत, उलटं बसतच नाही.

१ फेब्रुवारी २०२६

खर्च मांडून तिघांत वाटला. सीलबंद बॅटरी भंगाराचे वजा जाता ४,२००, केबल १,४५०, ट्रॅक्टरची बॅटरी जुन्यांचे वजा जाता ४,५००, पेटी-पट्टा ९००, लिथियम १८,५००, चार्जर २,६००, ब्रेकर ७५०, हायड्रोमीटर १८०, एसटी ६२०. एकूण ३३,७००. पहिले ४,२०० मी एकट्याने भरतो म्हणालो. चुलतभाऊ "राहू दे" म्हणाला, साडभाऊ काही बोलला नाही, मग तिघांनीच भरले.

ट्रॅक्टरची बॅटरी: सहाही सेल १.२३५ ते १.२४०. अडीच महिन्यांत साधारण पाऊण लिटर पाणी प्यायली. बल्ब लावायला विसरलो त्या फेरीनंतर जास्त.

लिथियम: चौदा वेळा रिकामी-भरली, गळ टाकणं तीन तासांवरून साडेतीनवर गेलं कारण आता कोणी व्होल्ट पाहत बसत नाही. पाणी उतरायला लागलं आहे. आज चुलतभावाची पोरगी ती पिशवीत घालून धुऱ्यावरून घरी घेऊन आली. ढिवर मामांनी तिला थांबवून पिशवी उचलून पाहिली. म्हणाले, "यात काई भरलं आहे का नाई, का तुले चाट मारली?"

जूनसाठी चुलीमागच्या भिंतीवर कोळशाने लिहून ठेवलं आहे: ट्रॅक्टरची बॅटरी काढून घरात, महिन्यातून एकदा चार्ज. लिथियम अर्धी भरून पाटणीवर. पंपाची तार सुटी. बायको विचारत होती, भिंतच का? वही उंदीर खातात.

रेग्युलेटर अजून आलेला नाही.